उजेडाचा उलटा पीळ

१

काटा डावीकडे गेला.

जायला हवा होता उजवीकडे. साधनानं तसं कागदावर लिहून पाकिटात घातलं होतं, आणि पाकीट समितीच्याच हाती दिलं होतं. पुण्याहून आलेल्या तिघा साहेबांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, मीटरकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. साधना पुढे होऊन भराभर सगळं तपासायला लागली, तोच भारनियमनाची वेळ झाली. लेझर विझला. पंखे थांबले. साहेबांना दिवस मावळायच्या आत पुणं गाठायचं होतं. जाताना त्यांनी वहीत शेरा मारला : 'निरीक्षणे विश्वासार्ह नाहीत. नोंदी रचलेल्या असाव्यात.'

तीन वर्षांच्या कष्टांना दोन ओळी पुरल्या.

ही २००५ सालच्या दसऱ्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. शनिवारी सकाळी साधना आळेफाट्यावर सावळेरामच्या फोटो स्टुडिओत आली, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. सावळेरामला तेच जास्त लागलं. रडणाऱ्या माणसाला निदान पाणी तरी देता येतं.

"काका, मी खोटं लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "कुणीतरी काहीतरी केलंय. तुम्ही शोधाल?"

सावळेराम काही पोलीस नव्हता. पण पंचवीस वर्षं लग्नांच्या बरोबरीनं तो पोलिसांच्या पंचनाम्याचेही फोटो काढत आला होता. विहिरीच्या कडेला चप्पल कुठल्या तोंडानं पडलीय, हे त्याला फौजदाराच्या आधी दिसायचं. ही खोड बायकोला नकोशी होती, पण त्या खोडीनंच फाट्यावर त्याचं नाव झालं होतं.

शिवाय त्या यंत्रातला एक तुकडा त्याच्याच हातचा होता.

दोन वर्षांपूर्वी साधना चादरीएवढा कागद गुंडाळून त्याच्याकडे आली होती. कागदावर उभ्या रेघाच रेघा, आणि बरोबर मध्यावर एका रेघेच्या दोन झालेल्या, शेतातल्या दोन फाट्यांच्या काठीसारख्या, दुबेळक्यासारख्या. दुबेळक्याची टोकं वर. "ह्याचा फोटो काढून नखाएवढा बारीक करून द्या," ती म्हणाली. सावळेरामला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तिनं समजावून सांगितलं. ह्या बारीक रेघांतून लेझरचा उजेड गेला की तो दोरीसारखा पीळ खात जातो. मधे काळोख आणि भोवती उजेडाचं कडं. ते कडं गॅलियम आर्सेनाइडच्या काळ्या तुकड्यावर पडलं की तुकड्यातली वीज त्या पिळाच्या दिशेनं गोल फिरायला लागते.

"सेल न्हाई?"

"सेल नाही, चुंबक नाही. उजेडाला आपण जसा आकार देऊ, तशी वीज वळते."

"आन् पीळ उलटा दिला तर?"

"तर वीज उलटी फिरेल काका! म्हणजे काटा उलट्या बाजूला." बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की सावळेरामनं त्या कामाचे पैसे घेतलेच नाहीत.

घाटघरच्या भातशेतीवाल्या घरातली ही पहिली पदवीधर मुलगी. समितीनं तिला तीस दिवसांची मुदत दिली होती. काटा उलटा का गेला, यंत्राला कुणाचा हात लागला, हे नावानिशी, साक्षीदारासह लिहून द्यायचं. दिलं, तर उसना आणलेला तो काळा तुकडा पुन्हा वापरायला मिळेल आणि पुन्हा तपासणी होईल. नाहीतर संशोधनातून नाव कायमचं कमी. आणि सोबत खोटारडेपणाचा शिक्का.

"शोधतो," सावळेराम म्हणाला. "माझ्या हातचा तुकडा हाय त्यात. मलाबी झोप लागंना."

२

सोमवारी तो पिंपरी पेंढारच्या माळावरच्या कॉलेजात पोचला. साधना भेटली नाही. प्रयोगशाळेतल्या शिपायानं, गोरखनं, त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

'काका, शोध थांबवा. मी गावी जाते आहे. माझ्यावर राग धरू नका.'

शनिवारी शोधा म्हणणारी पोरगी सोमवारी थांबवा म्हणते! मधल्या रविवारात काय झालं? सावळेरामनं चिठ्ठीची घडी खिशात घातली. त्याला थांब म्हटलं की तो हमखास दोन पावलं पुढे जायचा.

साधनाचे मार्गदर्शक औटी सर खुर्चीत बसून कपाळ चोळत होते. विषय त्यांना पहिल्यापासून पटला नव्हता. 'सौर चूल कर, लोकांच्या उपयोगी पडेल,' असं त्यांनी वर्गात सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

"लोक म्हणतात मीच वायरी बदलल्या," सर म्हणाले. "लाल-काळी अदलाबदल केली की काटा उलटा जाईल, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. पण समितीनं आधी टॉर्चचा सेल लावून मीटर पाहिला होता. काटा बरोबर गेला. मग त्यांनी स्वतः वायरींना लाख लावून ठसा मारला."

"आन् तो काळा तुकडा?"

"काचेखाली चिकटवून सीलबंद. त्याला कोणी हातही लावू शकत नव्हतं."

"काटा डावीकडं गेला, तो किती घरं?"

सरांनी वही उघडली. "बारा."

"आन् येरवी उजवीकडं किती जायचा?"

"बारा," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थबकले.

सावळेरामला तिथंच पहिला धागा मिळाला. बिघाड इतक्या शिस्तीत कधी येत नाही. काही तुटलं असतं, धूळ बसली असती, तर काटा लुळा पडला असता. दोन घरं गेला असता, पाच गेला असता. बाराचे बरोबर उलटे बारा म्हणजे सगळं शाबूत होतं. फक्त कुठली तरी एक गोष्ट उलटी झाली होती.

वृषाली व्हरांड्यातच भेटली. ती साधनाच्या बरोबरीची. दोघींनी एकाच जागेसाठी अर्ज केला होता, आणि जागा साधनाला मिळाली होती. सावळेरामनं तोंड उघडायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"तिची जागा आता मला मिळणार, म्हणून मीच केलं असणार, असंच ना? सगळ्यांच्या तोंडावर तेच दिसतंय. मी घटस्थापनेपासून मंचरला घरी होते काका. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आले, ते थेट समितीसमोरच उभी राहिले. विचारा कुणालाही."

सावळेरामनं विचारलं. खरं होतं. मंचरचा कंडक्टरसुद्धा साक्ष द्यायला तयार झाला.

राहिला गोरख. साधनानं एकदा त्याच्या तंबाखूवरून तक्रार केली होती. शिवाय खोलीची चावी त्याच्याकडे.

"माझी नोकरी हंगामी हाय भाऊ," गोरख म्हणाला. "बाहेरचं मानूस आत घेतलं तर दुसऱ्या दिशी घरी बसावं लागंल. परिन्सिपल साहेब म्हनले, ज्यानं हात लावला त्याच्यावर केस करनार. मी कशाला हात लावू? ताईंनी सांगितलं व्हतं, मशिनीला फडकंबी लावायचं न्हाई. मी न्हाई लावलं."

त्याचा आवाज खरा होता. पण बोलताना तो सावळेरामच्या डोळ्यांत न बघता दाराकडे बघत होता.

निघताना औटी सरांनी कपाटातून एक छोटी पत्र्याची आडवी चौकट काढून दिली. मधे काचेत धरलेली, नखाएवढी फिल्म. "तुम्हीच केलेली. घेऊन जा. आता इथं कोणाला लागतेय?"

३

स्टुडिओत आल्यावर सावळेरामनं ती चौकट भिंगाखाली धरली.

चौकटीच्या एका कडेवर लाल टिंब होतं. ते साधनाच्या सांगण्यावरून ठरलेलं. उघड्या डोळ्यांना रेघा दिसत नाहीत, म्हणून तिनं मेणाच्या लाल पेन्सिलीनं वरच्या कडेला खूण केली होती. टिंब वर ठेवायचं, चौकट खाचेत सरकवायची, दिवा लावायचा. रोजचा नेम. दुबेळक्याची टोकं टिंबाकडेच असायला हवीत.

भिंगाखाली टोकं टिंबाच्या उलट्या बाजूला होती.

त्यानं माळ्यावरून तो चादरीएवढा मूळ कागद काढला आणि भिंतीला लावला. आधी पुस्तकाचं पान उलटावं तसा फिरवून मागून उजेडात पाहिला. टोकं वरच. म्हणजे फिल्म पुढची मागं झाली असती तरी काही बिघडलं नसतं. मग त्यानं कागद खालचा वर केला. टोकं खाली आली. पीळ उलटा. साधनाच म्हणाली होती, पीळ उलटा तर काटा उलटा.

म्हणजे पोरीनं शुक्रवारी टिंब वर ठेवलं, आणि टिंबानंच तिला फसवलं.

पण टिंब चालत दुसऱ्या कडेला कसं गेलं? सावळेरामनं बोट ओलं करून टिंबावर फिरवलं. मेणाची पेन्सिल ओल्या बोटानं जात नाही. हे गेलं. बोटावर लाल रंग आला, आणि चौकटीच्या कोपऱ्यात अडकलेला एक पिवळा कण भिंगात दिसला.

कुंकू. आणि हळद.

समितीच्या आदल्या मंगळवारी खंडेनवमी होती. विळा, नांगर, मोटार, शिलाई मशीन, जे जे पोटाला देतं, ते त्या दिवशी तेलाच्या फडक्यानं पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. कुणीतरी ही चौकट खाचेतून काढली. तेलाच्या फडक्यानं पुसली, त्यात साधनाची मेणाची खूण गेली. मग भक्तिभावानं, जी कड हाताशी आली तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. दसऱ्याला सुट्टी. गुरुवारी दिवसभर लाइट नव्हती. शुक्रवारी साधनानं लाल टिंब पाहिलं आणि रोजच्यासारखं वर केलं.

दगा नव्हताच. पूजा होती.

आणि खरी थट्टा पुढेच होती. काटा बाराचे उलटे बारा गेला, ह्याचा अर्थ पीळ उलटला तशी वीजही उलटली. साधना जे तीन वर्षं सांगत होती, ते त्या दिवशी समितीच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं होतं. तिला खोटारडी ठरवणारा काटाच तिची सगळ्यात मोठी साक्ष होता. सावळेरामला हसू आलं, आणि त्या हसण्याची त्याला स्वतःलाच भीती वाटली.

आता फक्त एक नाव हवं होतं. पूजा कुणी केली?

४

गोरख आईची शपथ घेऊन म्हणाला, त्यानं फक्त दार आणि लाइटीचं बोर्ड पुजलं. औटी सर त्या दिवशी व्हरांड्यातच पाट मांडून बसले होते.

"बाहेरचं कुनी आलं व्हतं का?" सावळेरामनं दोघांना वेगवेगळं विचारलं.

"न्हाई," गोरख म्हणाला.

"कोणीच नाही. मी दारातच होतो," सर म्हणाले.

सावळेराम स्वतःही तिथं होता. कॉलेजच्या अंकासाठी पूजेचे फोटो काढायला प्रिन्सिपलनी बोलावलं होतं. त्यानंही डोळे मिटून आठवलं. बाहेरचं कुणी? नाही. कोणी नव्हतं.

तीन माणसं खरं बोलत होती, आणि तरी कुंकू लागलं होतं.

असेच दिवस गेले. लग्नसराई नव्हती, पंचनामाही आला नाही. मुदत संपायला चार दिवस उरले. निदान चौकट उलटी होती एवढं तरी कागदावर यावं, म्हणून सावळेरामनं चौकटीचे भिंगातून फोटो काढले. कॅमेऱ्यात दसऱ्याच्या आधीपासूनचाच रोल होता. छत्तीस फोटो भरल्याशिवाय रोल धुवायचा नाही, ही त्याची जुनी चिकट सवय. चौकटीच्या पाच फोटोंनी रोल भरला. त्यानं तो धुतला, वाळवला आणि उजेडासमोर धरला.

सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. प्रिन्सिपल नारळ फोडताना. औटी सर पाटावर. एकोणतिसावा फोटो पाहिला आणि त्याचा हात थांबला.

त्यानं प्रिंट काढली. ट्रेमधल्या औषधात चित्र हळूहळू उमटलं. यंत्रासमोर उकिडवा बसलेला एक म्हातारा. डोक्यावर टोपी, बाजूला भाताच्या लोंब्या आणि झेंडू. एका हातात ती पत्र्याची चौकट. दुसऱ्या हाताचं बोट चौकटीच्या खालच्या कडेवर टेकलेलं. चेहऱ्यावर असं हसू, जसं घरी लेकीला बघायला पाहुणे आलेत.

चिमाजी. साधनाचा बाप.

बाहेरचं कुणी नव्हतंच! पोरीचा बाप बाहेरचा कसा? गोरखनं त्याला मोजलं नाही, सरांनी मोजलं नाही. फोटो काढणाऱ्यानंही मोजलं नाही. 'जरा इकडं बघा बाबा,' असं म्हणून सावळेरामनंच तर बटण दाबलं होतं.

आणि साधनानं शोध थांबवायला का सांगितलं, हेही त्याला त्या ओल्या कागदासमोर उभं राहून कळलं.

५

जुन्नरहून घाटघरची एसटी दुपारी पोचली. मुदतीचा शेवटचा दिवस उद्यावर होता. सावळेरामच्या खिशात लिहून तयार केलेला अर्ज होता, साक्षीदार म्हणून स्वतःची सही होती, आणि तो फोटो होता. नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं.

खाचरांत भाताची कापणी चालली होती. साधना वाकून कापत होती. त्याला पाहून ती उभी राहिली आणि हातातल्या विळ्यासकट बांधावर आली. बाप दूर पेंढ्या बांधत होता.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली. विचारलं नाही.

"तुला कवा कळलं?"

"रविवारी. प्रयोगशाळेला कुलूप लागायच्या आधी. माझं टिंब चकाकायचं. हे चकाकत नव्हतं." तिनं बोटं पदराला पुसली. "मी चहा आणायला गेले होते काका. जाताना म्हटलंसुद्धा होतं, आबा, हात लावू नका. ते म्हणाले, हात न लावता पूजा कशी व्हईल?"

"अगं, मग लिहून दे ना! तू खरी ठरतेस. काटा उलटा गेला, हाच पुरावा हाय. उद्याचा दिवस हाय अजून."

"काय लिहून देऊ? नावानिशी लिहायचंय. चिमाजी, माझा बाप, ह्यानं यंत्र बिघडवलं. साक्षीदार सावळेराम. मग गोरखची नोकरी जाईल. प्रिन्सिपल केस करतील, आबांना जुन्नरला कोर्टात उभं करतील." ती थांबली. "तेही सोसलं असतं. पण त्यांना कळेल काका. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून त्या माणसानं दर खंडेनवमीला माझं दप्तर पुजलंय. आपल्या हातानं आपण पोरीचं वाटोळं केलं, हे कळल्यावर ते जेवतील का? आईला विचारा, आत्ताच कसेबसे दोन घास खातात."

सावळेरामला बोलायचं होतं. विद्या, खरेपणा, तुझं आयुष्य, असे सगळे मोठे शब्द त्याच्या तोंडाशी आले. पण विळा धरलेल्या तिच्या हातावर कापल्याच्या दोन ताज्या रेघा होत्या, आणि त्यानं ते शब्द तिथंच गिळले. आपल्याला उत्तर सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"वह्या कुठं हायेत?"

"चुलीत," ती म्हणाली. "वाचत बसायची सवय मोडत नव्हती."

तेवढ्यात चिमाजी पेंढ्या टाकून लगबगीनं आला. दोन्ही हातांनी रामराम घातला.

"पावणं! आवो, कवा आला? पोरे, पानी तरी दिलंस का?" मग जवळ येऊन आवाज खाली केला. "तुमी माझा फोटू काढला व्हता, मशीनसंगं. आनला का?"

सावळेरामनं साधनाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यानं खिशात हात घातला, अर्ज आत ठेवला आणि फोटो बाहेर काढला.

म्हातारा बराच वेळ फोटो बघत राहिला. बोट चिखलाचं होतं, म्हणून कागदाला न लावता वरूनच फिरवलं. "लई झ्याक आलाय. ह्यो बघा हात माझा. मनापास्नं पुजलं व्हतं हो. माझ्या पूजंत काय खोट ऱ्हायली आसंल का?"

"न्हाई हो," सावळेराम म्हणाला. "पूजा नीट झाली व्हती."

"मंग कुनी केलं हे? तुमी शोधीत व्हता म्हनं. घावला का?"

बांधावर वारा नव्हता. भाताच्या कापलेल्या धसांचा वास येत होता. सावळेरामनं पंचवीस वर्षांत पोलिसांना कधी खोटा फोटो दिला नव्हता, की खोटी साक्ष दिली नव्हती.

"न्हाई घावला," तो म्हणाला.

चिमाजीचे डोळे भरून आले. त्यानं फोटो छातीशी धरला आणि दुसरा हात आभाळाकडे नेला.

"घावंल. देव बघतोय. ज्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं ना, त्येचे हात झडतील. दोन्ही हात झडतील त्येचे!"

"आबा!" साधना ओरडली. विळा तिच्या हातून खाली पडला. तिनं बापाचा तो वर नेलेला हात दोन्ही हातांत धरून खाली आणला, घट्ट दाबून धरला. "असं म्हणू नका. पुन्हा असं कधी म्हणू नका."

"का गं? शिव्याबी देऊ नको का त्याला?"

तिनं हात सोडला नाही. परतीची एसटी वळणावर हॉर्न देत होती, आणि सावळेराम बांधावरून उतरायला लागला.